फळ्यावरची चांदी

“…आणि तुमचाच आकडा चुकला असेल तर, बाई?”

रणधीर शितोळेनं हे विचारलं तेव्हा खांबेटेबाई हात धूत होत्या.

प्रयोगशाळेत शिरताना हात धुवायचे आणि बाहेर पडतानाही धुवायचे, हा बाईंचा नेम होता. प्रश्न ऐकून त्यांनी काही नळ बंद केला नाही. साबण बोटांच्या बेचक्यांतून फिरवला, मनगटापर्यंत नेला आणि सावकाश पाण्याखाली धरला.

रणधीर वाट पाहत उभा राहिला. त्याच्या हातात आलेखाचा कागद होता.

प्रश्न साधा नव्हता. धातुशास्त्र विभागाच्या त्या प्रयोगशाळेत दाराशेजारी एक काळा फळा होता. त्याच्या वरच्या भागात पांढऱ्या ऑइलपेंटनं धातूंची नावं रंगवलेली होती, तांबं, जस्त, शिसं, चांदी, आणि प्रत्येकापुढे एक आकडा. तापलेल्या धातूत त्याच धातूचे अणू किती वेगानं सरकतात, त्याचे ते आकडे. खालच्या भागात लेथवर कुणाची पाळी आणि चहा आणायला कुणी जायचं, हे खडूनं लिहिलेलं असे.

चांदीपुढचा आकडा बाईंचा होता. तरुणपणी त्यांनी तो काढला, पुढे तो पुस्तकांत गेला, आणि त्या वेळच्या विभागप्रमुखांनी कौतुकानं पेंटर बोलावून तो फळ्यावर चढवला. तेव्हापासून त्या आकड्याकडे कुणी वाकड्या नजरेनं पाहिलं नव्हतं.

रणधीरनं पाहिलं. तो कऱ्हाडकडचा, विद्यापीठात पहिला आलेला, बाईंकडे पीएच.डी. करणारा. आत्मविश्वासाची कमतरता त्याला कधी भासली नव्हती. असलीच तर इतरांना त्याच्या आत्मविश्वासाची थोडी अडचण होत असे.

आता चांदीत चांदीच सरकते म्हटल्यावर ती दिसणार कशी? म्हणून थोडी किरणोत्सारी चांदी घ्यायची. तीही चांदीच. वागणं-चालणं इतर चांदीसारखंच, फक्त किरणं मोजणाऱ्या काउंटरजवळ नेली की टिकटिक करून आपला पत्ता सांगते. तिचा पातळसा थर करंगळीएवढ्या चांदीच्या कांडीच्या एका टोकावर चढवायचा. कांडी नळीत बंद करून भट्टीत ठेवायची. बाहेर काढली की लेथवर चढवून धारदार हत्यारानं तिचे थर उतरवत जायचे आणि प्रत्येक थराचा कीस वेगळा मोजायचा. कुठल्या खोलीवर किती टिकटिक, यावरून अणू किती चालले ते कळतं.

रणधीरच्या कांडीत टिकटिक फार खोलवर सापडली होती. म्हणजे चांदी बाईंच्या आकड्यापेक्षा पुष्कळ वेगानं चालत होती.

जमशेदपूरला दरवर्षी भरणाऱ्या धातू परिषदेला निबंध पाठवायचा होता. मुदत जवळ आली होती. बाईंच्या सहीशिवाय तो जाणार नव्हता, आणि बाई सही करणार नाहीत अशी त्याची खात्री होती. रंगवून ठेवलेला आपला आकडा कोण आपल्या हातानं पुसेल? कँटीनमध्ये त्यानं हे सगळ्यांदेखत बोलूनही दाखवलं होतं.

बाईंनी टॉवेलला हात पुसले आणि कागद घेतला. बराच वेळ पाहिला.

“खात्री आहे?”

“शंभर टक्के.”

बाई कपाटाकडे गेल्या. चांदीची एक साधी कांडी काढून त्यांनी त्याच्यापुढे टेबलावर ठेवली.

“ही काप.”

रणधीरनं ती उचलून उलटसुलट करून पाहिली. ती कोरी होती. किरणोत्सारी चांदीचा तिला वाराही लागलेला नव्हता.

“यात काही नाही, बाई.”

“म्हणूनच.”

…

बाईंच्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला आधी कोरा कापावा लागे. जिच्यात काही नाही अशी कांडी, तिचे तसेच थर, तशीच मोजणी, आणि हाती काय तर काही नाही. नव्या मुलांना हे जिवावर येई. रणधीरनं मात्र आल्या आल्या, पहिल्याच आठवड्यात कोरा कापून टाकला होता आणि त्यातून काहीही निघालं नव्हतं. तसं त्यानं बाईंना आता जरा ठसक्यातच सांगितलं.

“तेव्हा हत्यार नवीन होतं,” बाई म्हणाल्या.

एवढं बोलून त्या मध्येच थांबल्या. त्यांची नजर दाराशेजारच्या फळ्याकडे गेली आणि थोडा वेळ तिथेच राहिली.

रणधीरनं ती नजर पाहिली आणि तिचा आपल्याला हवा तो अर्थ घेतला. बाईंना आपला आकडा जपायचा होता.

“ज्या हत्यारानं तुझी कांडी कापलीस, त्यानंच काप,” बाई म्हणाल्या. “तसाच. काही वेगळं करू नकोस.”

तो धुसफुसत लेथकडे गेला. शेजारच्या टेबलावर शमीम तांबोळी वजनं घेत होती. ती त्याच्या एक वर्ष पुढे होती आणि तांब्यावर काम करत होती. बाई मुदत टळायची वाट पाहताहेत, असं त्यानं तिला ऐकवलं. शमीमनं तराजूवरची नजरही हलवली नाही. आत काही नसेल तर काही निघणार नाही, काप आणि मोकळा हो, एवढंच ती म्हणाली.

त्यानं कोरा चढवला. पहिला थर उतरवला, कीस गोळा केला आणि हत्यार फडक्यानं पुसलं. दर थरानंतर हत्यार पुसायचं हे त्याचं ठरलेलं होतं. आपल्या या टापटिपीचा त्याला अभिमान होता, आणि इतरांनी ती शिकावी असंही त्याला वाटे.

कीस काउंटरखाली ठेवला.

टिक.

टिक… टिक, टिक.

त्यानं कीस काढून घेतला. काउंटर रिकामा चालवला तेव्हा त्याची एरवीची अधूनमधूनची टिकटिक झाली, बाकी काही नाही. कीस परत ठेवला. पुन्हा तेच.

दुसरा थर. तिसरा. ज्या कांडीत काही नव्हतं, ती बोलत होती.

शमीम वजनं सोडून त्याच्यामागे येऊन उभी राहिली. रणधीरनं हातातल्या फडक्याकडे पाहिलं आणि ते हळूच काउंटरखाली धरलं.

तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा काउंटर तडतडला.

कांदा चिरलेली सुरी नुसती पुसून पेरूला लावली की पेरूला कांद्याचा वास येतो. पुसायचं फडकं तेच असेल तर विचारायलाच नको. घरी आईनं हे त्याला हजारदा ऐकवलं होतं, आणि विद्यापीठात पहिल्या आलेल्या मुलाला लेथसमोर उभं राहून ते आता कळत होतं. वरच्या थरातली चांदी हत्याराला लागली होती, हत्याराची फडक्याला, फडक्याची पुन्हा हत्याराला, आणि हत्यारानं ती थराथरानं खाली नेली होती.

चांदी खोल गेलीच नव्हती. त्यानं नेली होती.

कँटीनमध्ये आपण काय काय बोललो ते त्याला एकेक करून आठवलं, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

…

बाई त्यांच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होत्या. तो दारात उभा राहिला. काय झालं ते त्यानं खाली मान घालून सांगितलं. फडकं सांगितलं, कँटीनमधलं बोलणंही सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, “तुमचा आकडा बरोबर आहे, बाई.”

बाईंचा चेहरा खुलेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

“असं कोरा म्हणाला?”

रणधीरनं मान वर केली.

“कोरा तुझ्याबद्दल बोलला,” बाई म्हणाल्या. “माझ्याबद्दल नाही.”

“मग आता मी काय करू?” रणधीरनं विचारलं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. जरा विचार करून म्हणाल्या, “जिथे काही नाही, तिथून सुरुवात कर.”

आणि त्यांनी पुढची उत्तरपत्रिका ओढली.

परिषदेची मुदत आली आणि गेली.

बाईंचं वाक्य रणधीरनं फार मनाला लावून घेतलं. आपला ताठा उतरावा म्हणून बाईंनी हे सांगितलं, अशी त्याची समजूत झाली. तो शून्यातून सुरुवात करायला निघाला. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊ लागला, खालच्या आवाजात बोलू लागला, पाळी नसताना चहा आणू लागला. कुणी काही शिकवलं की मान डोलावून ऐकून घेऊ लागला. शेवटी शमीमनं त्याला तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं.

या नम्रतेचा कामाला काडीचा उपयोग झाला नाही. त्यानं फडकं टाकून दिलं, हत्यार बदललं, हातमोजे बदलले. आता खालच्या थरांत कमी टिकटिक सापडे, पण सापडे. थोडीशी चांदी अजून कुठून तरी खाली उतरत होती.

एका दुपारी तो भट्टीतून काढलेली नवी कांडी लेथच्या चकात, म्हणजे फिरत्या पकडीत, बसवत होता. थर चढवलेलं टोक त्याच्याकडे होतं, नेहमीसारखं. सगळी किरणोत्सारी चांदी तिथे वरच. हत्याराचा पहिला घाव तिथेच बसायचा. पहिल्याच घावात हत्यार माखायचं आणि मग माखलेल्या हत्यारानं खाली, स्वच्छ चांदीत जायचं…

त्याचा हात थांबला.

बाई त्याच्या स्वभावाबद्दल बोलतच नव्हत्या. त्या कांडीबद्दल बोलत होत्या.

आपण महिनाभर उगाच चहा आणला, हे ध्यानात येऊन त्याला एकट्यालाच हसू फुटलं. शमीमनं तिकडून पाहिलं आणि आता मात्र याला डॉक्टरकडेच न्यायला हवं असा चेहरा केला.

त्यानं कांडी चकातून काढली. थर चढवलेलं तोंड पितळेच्या ठोकळ्याला चिकटवलं, ठोकळा चकात धरला आणि कांडी उलटी बसवली. आता त्याच्यासमोर तळ होता. तिथे काहीही नव्हतं.

तिथून त्यानं सुरुवात केली.

थर उतरवला. काही नाही. दुसरा उतरवला. काही नाही. कीस, वजन, काउंटर, आणि काही नाही. असे दिवस गेले. जिथे काही सापडणार नाही हे आधीच माहीत आहे तिथे तितक्याच काळजीनं कापत राहणं त्याला सुरुवातीला जड गेलं. पुढे ते अंगवळणी पडलं. मग त्यात एक प्रकारची मजाही वाटू लागली, कारण ‘काही नाही’ इतकं स्वच्छ त्यानं आजवर कधी मोजलं नव्हतं.

आणि मग एका थराला काउंटर किंचित बोलला.

पुढच्या थराला थोडा जास्त. त्याच्या पुढच्याला आणखी. आता हत्यार माखलं तरी ते जास्तीकडेच चाललं होतं. मागे, स्वच्छ चांदीत, ते परत जाणारच नव्हतं.

आलेखावर ठिपके मांडले आणि पट्टी लावली. इतकी सरळ रेघ त्या प्रयोगशाळेत क्वचितच निघाली असेल. त्यानं हिशेब केला.

आकडा बाईंच्या आकड्यापेक्षा कमी आला.

थोडाथोडका नाही, चांगलाच कमी. चांदी रणधीर म्हणाला होता तितक्या वेगानं चालत नव्हती हे तर झालंच, पण बाई म्हणत होत्या तितकीही चालत नव्हती.

चुकीचा आकडा हाती होता तेव्हा तो नाचायचा बाकी होता, आणि आता रेघ सरळ आली तर बसायला खुर्ची शोधत होता. आपलंच काही चुकलं असणार असं धरून त्यानं दुसरी कांडी घेतली, पुन्हा भट्टी, पुन्हा लेथ, पुन्हा तळापासून. आकडा तोच आला. तिसऱ्या कांडीनंही तेच सांगितलं.

परिषदेची मुदत पुन्हा जवळ आली होती. या खेपेला निबंध गेला नाही तर शिष्यवृत्ती संपणार होती, आणि मग कऱ्हाडला परत जाऊन काकांच्या दुकानात बसायचं होतं. बाईंची सही पूर्वीपेक्षा जास्त हवी होती. आणि बाई… बाईंना दुखवण्याची त्याची इच्छा उरली नव्हती. खरं सांगायचं तर त्यांच्यावर त्याचा जीव जडला होता.

आलेखाकडे पाहताना त्याच्या लक्षात आलं की तळाकडचे दोन ठिपके सोडले तर रेघ जरा आडवी होते आणि बाईंच्या आकड्याजवळ सरकते. आणखी एक सोडला तर अलगद त्यावर जाऊन बसते. ते ठिपके अगदी कमी टिकटिकीचे होते. मोजायला अवघड म्हणून सोडले असं लिहिलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती. उलट सगळ्यांना बरं वाटलं असतं. फळा तसाच राहिला असता, आणि सहीही झाली असती.

खोडरबर हाताशीच होता.

रणधीर त्या तीन ठिपक्यांकडे पाहत बसला. तीच ती जागा होती, जिथे जवळजवळ काही नव्हतं. तिच्यासाठीच त्यानं कांडी उलटी केली होती.

त्यानं खोडरबर खणात टाकला, सगळे ठिपके ठेवून निबंध लिहून काढला आणि आलेखासकट उचलला.

बाई प्रयोगशाळेत फळ्याशेजारी उभ्या होत्या. तो आला, पण त्यांच्याकडे गेला नाही. आधी नळापाशी गेला. साबण बोटांच्या बेचक्यांतून फिरवला, मनगटापर्यंत नेला, पाण्याखाली धरला. बाई थांबल्या.

हात कोरडे करून त्यानं निबंध आणि त्यावरचा आलेखाचा कागद पुढे केला.

“आकडा खाली आलाय, बाई.”

“कुणाच्या खाली?”

“तुमच्या.”

बाईंनी चष्मा सारखा केला. रेघेवरून बोट न टेकवता वरून खाली नजर नेली. तळाकडच्या तीन ठिपक्यांपाशी त्या रेंगाळल्या.

“कोरा?”

“आधी कापला. नंतर त्याच हत्यारानं पुन्हा कापला. दोन्ही वेळा काही नाही.”

“खात्री आहे?”

शंभर टक्के हे शब्द रणधीरच्या ओठांवर आले नाहीत. त्यानं मनाशी तिन्ही कांड्या आठवल्या.

“या तीन कांड्यांपुरती आहे.”

बाईंनी मान हलवली. कागद अजून त्यांच्या हातातच होता. शमीमनं लेथ बंद केला. तेवढ्या शांततेत रणधीरला धीर आला, की धीर सुटला, कोण जाणे, पण त्यानं विचारलं.

“बाई, तुम्ही तेव्हा… कुठल्या बाजूनं कापलं होतं?”

“वरून. तेव्हा सगळेच वरून कापायचो.”

“आणि कोरा?”

“कापला होता.”

बाई फळ्याकडे पाहत होत्या.

“हत्यार नवीन असताना.”

रणधीरला वर्षापूर्वीची ती नजर आठवली. तेव्हा त्यानं तिचा काय अर्थ घेतला होता तेही आठवलं.

बाईंनी खिशातलं पेन काढलं, निबंध टेबलावर ठेवला आणि शेवटच्या पानावर सही केली. रोजच्यासारखी, झरझर. मग खणातून पातं काढलं आणि फळ्यापाशी गेल्या.

ऑइलपेंट जुना होता, सहज निघत नव्हता. रणधीर मदतीला पुढे झाला, तर त्यांनी कोपरानंच त्याला मागे सारलं. पात्यानं त्या खरवडत राहिल्या. चांदी हे नाव त्यांनी राहू दिलं. त्यापुढचा आकडा टवके होऊन त्यांच्या चपलांवर पडला. शमीम तोंडावर हात ठेवून पाहत होती.

काम झालं. तांबं, जस्त, शिसं यांच्यापुढे पांढरेशुभ्र आकडे, आणि चांदीपुढे एक खरवडलेली काळी जागा.

बाईंनी फुंकर मारून ती साफ केली आणि पातं खणात ठेवलं.

ती रिकामी जागा रणधीरला बघवेना. बाईंचं नाव तिथून गेल्यासारखं त्याला वाटत होतं, आणि आपलं काही तिथे यावं हे आता मनातही येत नव्हतं. पण फळा तसाच ठेवणंही बरं दिसेना. त्यानं चाचरत विचारलं, “पेंटरला बोलावून घेऊ का, बाई?”

बाई नळापाशी पोचल्या होत्या. त्यांनी साबण उचलला.

“खडूनं लिही.”